हाती आलेला प्रवाळांचा टँक: ही प्रवाळे कोणती आणि त्यांची काळजी कशी घ्यावी?

खारे पाणी:

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. यजमानांचे एक सहकारी दीड महिन्यापूर्वी दुसऱ्या राज्यात राहायला गेले आणि जाताना त्यांनी चार वर्षे सांभाळलेला समुद्री टँक आमच्या स्वाधीन केला. टँक चाळीस गॅलनचा, म्हणजे सुमारे १५० लिटरचा आहे. दगड आणि वाळूने व्यापलेली जागा वजा केली तर त्यात १३० लिटर पाणी असावे. गोड्या पाण्यातले मासे मी पुण्याला लहानपणापासून पाळले आहेत, पण प्रवाळांचा मला अजिबात अनुभव नाही. सहकाऱ्यांनी सांगितलेली नावे दुकानदारांनी रंगांवरून ठेवलेली होती आणि सामान हलवण्याच्या गडबडीत त्यांतली बहुतेक माझ्या लक्षात राहिली नाहीत. म्हणून दिसते तसे वर्णन येथे करत आहे.

मधोमध फांद्यांचे एक प्रवाळ आहे. प्रत्येक फांदीच्या टोकाला तपकिरी नळ्यांचा झुबका असून प्रत्येक नळीचे टोक हिरवट आणि आडवे, होडीच्या नांगरासारखे आहे. त्याच्यापासून चार बोटांवर तशाच बांध्याचे दुसरे प्रवाळ आहे, मात्र त्याच्या नळ्या अधिक लांब असून टोके मण्यासारखी गोल आहेत. पहिल्याच्या त्या बाजूच्या दोन फांद्या गेल्या आठवड्यापासून आक्रसल्या आहेत. डावीकडच्या दगडावर जांभळ्या रबरी चटईसारखा थर आहे आणि त्यातून हिरव्यागार गवतासारखे काही बाहेर येते. आता तो थर मागच्या काचेवरही चढू लागला आहे. उजवीकडचा एक दगड शर्टाच्या बटणाएवढ्या रंगीत चकत्यांनी भरलेला आहे, प्रत्येकीच्या कडेला बारीक झालर आहे. त्याच दगडाच्या एका कोपऱ्यात याहून मोठ्या, तपकिरी चकत्या असून त्यांच्या देठांत वाळूचे कण रुतलेले दिसतात. मागे अळंबीच्या आकाराचे एक पिवळसर प्रवाळ आठ दिवसांपासून मिटून बसले आहे आणि त्याच्यावर मेणासारखी चकाकी आली आहे. वाळूवर लांब देठांच्या गुलाबी फुलांचा गुच्छ वाटावा असे एक प्रवाळ आहे, ते दिवसभर फुललेले असते. सर्वांत वरच्या दगडावर पातळ, जांभळी ताटली आहे. तिची कड बारीक पांढरी आहे आणि मध्यभागी मात्र रुपयाच्या दोन नाण्यांएवढा पांढरा डाग पडला आहे.

याशिवाय बटणांच्या दगडावर विसेक पारदर्शक, तपकिरी, बारीक हातांची छोटी फुले उगवली आहेत. ती उपद्रवी असतात असे वाचले. म्हणून येत्या शनिवारी तो दगड बाहेर काढून उकळत्या पाण्यात घालावा आणि तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करावा, असा विचार आहे. आमच्या सात वर्षांच्या मुलाला या कामात मदत करायची फार इच्छा आहे.

पाण्याची मोजमापे अशी आहेत: तापमान २६ अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व १.०२३, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलण्याची क्षमता, डीकेएच या एककात) ६.३ डीकेएच, कॅल्शियम ३७५ पीपीएम, मॅग्नेशियम ११६० पीपीएम, नायट्रेट २० पीपीएम. मी नळाचे पाणी क्लोरीन घालवणारे औषध टाकून वापरते. दिवा पूर्वी पाण्यापासून दीड फूट उंच होता. नव्या जागी फळी आड येत असल्याने तो ९ इंचांवर बसवावा लागला. अल्कलिनिटी, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वाढवण्याच्या बाटल्या दुकानातून आणाव्यात का, हेही सांगावे.

संथ भरती:

बाकीचे प्रश्न नंतर पाहता येतील, पण दगड उकळण्याचा बेत कृपया आजच रद्द करा. तुम्ही वर्णन केलेल्या रंगीत चकत्या झोअँथस दिसतात आणि अंगात वाळू रुतवून घेणाऱ्या मोठ्या तपकिरी चकत्या जवळजवळ निश्चितच पॅलिथोआ आहेत. पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे विष असते आणि ते निसर्गात सापडणाऱ्या सर्वांत तीव्र विषांपैकी एक आहे. हवाई बेटांवरील माउई येथे हानाजवळच्या एका डबक्यातील जिवाला तेथील लोक पिढ्यानपिढ्या ‘हानाचे मारक शेवाळ’ म्हणत आले. १९७१ साली शास्त्रज्ञांनी त्यातून हे विष वेगळे केले, तेव्हा ते शेवाळ नसून पॅलिथोआ असल्याचे दिसून आले.

साध्या उकळण्याने हे विष निकामी होत नाही. दगड उकळला की वाफेबरोबर आणि तुषारांबरोबर ते हवेत पसरते, श्वासावाटे आत जाते आणि स्वयंपाकघरात नसलेल्या माणसालाही बाधते. नेमका हाच उद्योग केल्यामुळे घरातील सर्वांना रुग्णालयात दाखल व्हावे लागल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. तारेच्या ब्रशने घासण्यातही तोच धोका आहे, कारण उडालेला एक थेंब डोळ्यात गेला तरी बुबुळाला गंभीर इजा होऊ शकते. प्रत्येक पॅलिथोआ विषारी असते असे नाही, परंतु विषारी कोणती आणि बिनविषारी कोणती हे पाहून सांगता येत नाही. त्यामुळे सगळ्याच विषारी आहेत असे धरून वागावे, एवढाच शहाणपणाचा मार्ग उरतो.

घाबरून टँकच काढून टाकण्याची मात्र काहीही आवश्यकता नाही. पाण्यात, जागेवर, न डिवचलेली ही प्रवाळे घरात वर्षानुवर्षे सुखाने राहतात आणि माझ्याही टँकमध्ये ती आहेत. त्या दगडाला हात लावताना लांब रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालावा, बोटावर जखम असेल तर हात घालूच नये, दगड पाण्याबाहेर कधीही घासू, फोडू किंवा वाळवू नये आणि काम संपताच हात साबणाने धुवावेत. मुलाने टँकमध्ये हात घालू नये हा नियम आजपासून पाळावा. त्याच्याकडे खाणे देण्याचे आणि मोजमापे वहीत लिहिण्याचे काम द्यावे, ते मुलांना आवडतेही. अशा कामानंतर तोंडात कडवट किंवा धातूसारखी चव आली, थंडी वाजून ताप आला, खोकला किंवा धाप लागली, तर उशीर न करता रुग्णालय गाठावे आणि पॅलिटॉक्सिनचा संशय असल्याचे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे, कारण सर्वांनाच त्याची माहिती असते असे नाही. अमेरिकेत विषबाधा मदत केंद्राचा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

ती पारदर्शक फुले एप्टेशिया जातीची समुद्रफुले असावीत. त्यांना खरवडणे हा सर्वांत वाईट उपाय आहे; तळव्याचा लहानसा तुकडा दगडावर राहिला तरी त्यातून नवे एप्टेशिया उगवते. पेपरमिंट कोळंबी ती खाते, मात्र दुकानात तिच्या नावाखाली कधीकधी उंटकोळंबी दिली जाते आणि ही दुसरी कोळंबी तुमची झोअँथस फस्त करील. उंटकोळंबीच्या पाठीला ठळक कुबड असते आणि तिचे पट्टे पांढऱ्या रेघांनी आखलेले असतात, एवढे पाहून घ्यावे. बर्गिया नावाची छोटी समुद्री गोगलगाय एप्टेशियाखेरीज काहीच खात नाही, त्यामुळे ती अधिक भरवशाची आहे. फक्त ती निशाचर असल्याने महिना-दोन महिने काहीच घडत नसल्यासारखे वाटते.

आठ हात:

वर्णन इतके काळजीपूर्वक केले आहे की छायाचित्राची उणीव भासली नाही. दुकानदारांची नावे विसरलात याचेही वाईट वाटून घेऊ नका. निळ्या प्रकाशात दिसणारा रंग दिव्यावर, पाण्यातील पोषक द्रव्यांवर आणि प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांच्या दाटीवर अवलंबून असतो. एकच प्रवाळ माझ्याकडे हिरवे आणि मित्राकडे तपकिरी झालेले मी पाहिले आहे. ओळख पटवायची तर भिंग घ्यावे, पाणी ढवळणारा पंप पाच मिनिटे बंद करावा आणि एकाच जिवाकडे टक लावून पाहावे. त्याला हात किती आहेत, हातांना पिसासारखे उपहात आहेत का, टोक कसे आहे आणि खाली दगडासारखा सांगाडा आहे की नुसते मांस, या चार गोष्टी कळल्या की अर्धे काम होते.

तुमच्या जांभळ्या चटईतील एका ‘गवताच्या काडीकडे’ भिंगातून पाहा. तिला बरोबर आठ हात दिसतील. ती ब्रायरियम, म्हणजे बाजारात ग्रीन स्टार पॉलिप म्हणतात ते प्रवाळ आहे. पिवळसर अळंबी सार्कोफायटन असावी आणि ती फुलली की तिच्या प्रत्येक जिवाला पिसासारख्या कडांचे आठ हात दिसतील. ही दोन्ही अष्टभुज गटातली आहेत. आपल्या आजी-पणजीच्या गळ्यातले पोवळेसुद्धा याच गटातले, भूमध्य समुद्रातल्या एका प्रवाळाचा सांगाडा असते, हे मला कळले तेव्हा फार आनंद झाला होता. ते प्रवाळ अंधाऱ्या कपारींत वाढते आणि त्याच्या अंगात शैवाल नसते. दगडी प्रवाळांचा गट वेगळा असून त्यांच्या हातांची संख्या सहाच्या पटीत असते.

याच कारणासाठी तुमच्या गुलाबी गुच्छातील एका फुलाचे हात मोजून मला सांगावेत अशी विनंती आहे. चोवीस असतील तर ते गोनिओपोरा आणि बारा असतील तर अल्विओपोरा. लांबून ही दोन इतकी सारखी दिसतात की जाणकारही फसतात, आणि दोघांचे कूळ मात्र वेगळे आहे: अल्विओपोराला पूर्वी गोनिओपोराच्याच कुळात ठेवले जाई, जनुकीय अभ्यासानंतर ते अॅक्रोपोराच्या कुळात गेले. काळजीच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की गोनिओपोरा पूर्वी टँकमध्ये काही महिने छान फुलून मग हळूहळू खंगून जात असे. त्याला बारीक भुकटीचे खाद्य नियमित मिळाले तर ते टिकते, हे बऱ्याच जणांच्या अनुभवानंतर उमगले. चार वर्षांच्या टँकमध्ये तुमचे दिवसभर फुलते आहे त्याअर्थी त्याला काहीतरी मानवले आहे. त्याची जागा बदलू नका.

मधल्या दोघांबद्दल. नांगरासारख्या टोकांचे हॅमर आणि गोल मण्यासारख्या टोकांचे टॉर्च. तिसरे एक भावंड फ्रॉगस्पॉन म्हणून ओळखले जाते, त्याच्या प्रत्येक नळीला आखूड फाटे फुटून अनेक गोल टोके येतात. शास्त्रज्ञ एरवी दगडी प्रवाळे सांगाड्यावरून ओळखतात, परंतु हॅमर आणि फ्रॉगस्पॉन यांचे सांगाडे सारखेच असल्याने तेथे जिवंत मांसाकडेच पाहावे लागते. तिन्ही पूर्वी युफिलिया या एका प्रजातीत होती. २०१७ साली हॅमर आणि फ्रॉगस्पॉन यांना फिम्ब्रियाफिलिया असे वेगळे नाव मिळाले आणि टॉर्च युफिलियातच राहिले. ही विभागणी टँकमधल्या अनुभवाशी छान जुळते, कारण हॅमर आणि फ्रॉगस्पॉन एकमेकांना लागून राहतात आणि टॉर्च मात्र दोघांनाही डंख मारते. रात्री दिवे मालवल्यावर दोन तासांनी लाल प्रकाशाच्या विजेरीने पाहा. लाल प्रकाशाने प्रवाळ फारसे बिचकत नाही. टॉर्चमधून पांढुरके, लांब तंतू बाहेर पडून हॅमरच्या आक्रसलेल्या फांद्यांपर्यंत पोहोचताना दिसले तर दोषी सापडला असे समजावे. दोघांत किमान एक वीत अंतर हवे.

जांभळी ताटली मॉन्टिपोरा आहे. तिची बारीक पांढरी कड हे वाढीचे लक्षण आहे, त्याची काळजी नको. मधल्या डागाकडे मात्र भिंगातून पाहा. पांढऱ्यावर अजून पारदर्शक मांस आणि टाचणीच्या टोकाएवढे जीव दिसत असतील तर प्रवाळाने प्रकाशाच्या त्रासाने आपले शैवाल बाहेर टाकले आहे आणि ते परत येऊ शकते. नुसता कोरा सांगाडा असेल तर तेवढा भाग मेला आहे, आणि चार-सहा दिवसांत त्यावर हिरवट शेवाळ धरेल. ताटलीची खालची बाजूही पाहा. पांढरी अंडी किंवा तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या, झालरी अंगाच्या गोगलगाई दिसल्या तर कारण वेगळे. परंतु दिवा दीड फुटावरून ९ इंचांवर आला हे वाचल्यानंतर माझा पहिला संशय प्रकाशावरच आहे. ताटली सर्वांत वर आहे आणि डाग दिव्याच्या बरोबर खाली आहे. दिव्याची तीव्रता आजच निम्म्यावर आणावी आणि नंतर दर आठवड्याला थोडी थोडी वाढवावी.

अळंबी मिटून चकाकत आहे ती कात टाकण्याच्या तयारीत आहे. सार्कोफायटन असे मेणचट आवरण अधूनमधून टाकते. त्यात दोन आठवडेही जातात. तिच्यावरून पाण्याचा प्रवाह थोडा वाढवावा, हाताने आवरण सोलू नये. टँकमध्ये सक्रिय कार्बनची एक पिशवी ठेवावी, कारण असली मऊ प्रवाळे शेजाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी पाण्यात रसायने सोडतात आणि हलवाहलवीनंतर हे प्रमाण वाढते.

निवळी:

ओळख उत्तम झाली आहे, म्हणून मी फक्त पाण्याबद्दल लिहितो. बाटल्या आणू नका. तुमच्या आकड्यांत तीन वेगवेगळ्या उणिवा नाहीत, एकच उणीव तीन ठिकाणी दिसते आहे.

समुद्राच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ असते, तेव्हा त्यात दर किलोग्रॅमला ३५ ग्रॅम क्षार असतात. तुमचे १.०२३, म्हणजे साधारण ३१ ग्रॅम. याचा अर्थ तुमचे पाणी समुद्रापेक्षा पातळ आहे आणि पातळ पाण्यात सगळेच घटक त्याच प्रमाणात कमी भरणार. ३५ ला ३१ ने भागले की १.१३ येतात. या संख्येने तुमचे आकडे गुणून पाहा: कॅल्शियम ३७५ चे ४२४ होते, मॅग्नेशियम ११६० चे १३११ आणि अल्कलिनिटी ६.३ ची ७.१. हे तिन्ही आकडे खऱ्या समुद्राच्या अगदी जवळचे आहेत. आता जर बाटल्यांनी हे घटक वाढवले आणि महिन्याने खारेपणा दुरुस्त केला, तर तिन्ही गोष्टी वर उडतील आणि प्रवाळांना दुसरा धक्का बसेल.

खारेपणा कमी कसा झाला असेल, याचा अंदाज करता येतो. बाष्पीभवनात फक्त पाणी उडते आणि मीठ टँकमध्ये राहते, म्हणून उडालेले पाणी गोड्या पाण्याने भरायचे हे बरोबर आहे. परंतु गाळ ओढून काढताना किंवा स्किमरच्या, म्हणजे फेसाबरोबर घाण काढणाऱ्या यंत्राच्या, कपातून जे पाणी जाते ते खारे असते, आणि तेही गोड्या पाण्याने भरले तर दर वेळी थोडे मीठ कमी होते. दीड महिन्यात एवढी घट सहज होते. उपाय सोपा आहे. बदलण्याचे पाणी समुद्री मिठाने १.०२६ वर तयार करावे आणि उडालेले पाणी आठवडाभर त्या खाऱ्या पाण्यानेच भरावे, दिवसाला ०.००१ पेक्षा जास्त चढू देऊ नये. त्याआधी मोजण्याचे साधन तपासा. काटा हलणारे प्लॅस्टिकचे हायड्रोमीटर बुडबुड्यांमुळे चुकते. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारेपणा मोजणारे साधन) घ्यावा आणि तो ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवावा.

नळाचे पाणी बंद करा, ही माझी दुसरी आग्रहाची सूचना. अमेरिकेत अनेक शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात. औषधाने ते फुटले की अमोनिया मोकळा होतो. शिवाय तांब्याच्या नळांतून येणारे अल्पसे तांबेही कोळंबी आणि प्रवाळांना घातक असते, आणि आता तुम्ही कोळंबी आणण्याच्या विचारात आहात. आर.ओ. आणि त्यापुढे डी-आयोनायझेशन असलेला गाळक घ्यावा, त्याच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य दिसला पाहिजे.

खारेपणा जागेवर आल्यानंतर दोन आठवडे रोज ठरावीक वेळी फक्त अल्कलिनिटी मोजा. प्रवाळ सांगाडा बांधते तेव्हा कॅल्शियम आणि कार्बोनेट ठरलेल्या प्रमाणात खर्च होतात: अल्कलिनिटी १ डीकेएचने उतरते तेव्हा कॅल्शियम जेमतेम ७ पीपीएमने उतरते, आणि घरगुती चाचणीत एवढा फरक दिसतही नाही. त्यामुळे टँकला भूक किती आहे हे अल्कलिनिटीच सांगते. ती ८ डीकेएचच्या आसपास स्थिर राखणे पुरेसे आहे. कुणी ७ वर चालवतो, कुणी ९ वर. प्रवाळांना आकड्यापेक्षा चढउतार बाधतो. वाढवायची झाल्यास स्वयंपाकघरातला खायचा सोडा चालतो. तुमच्या १३० लिटरला १ डीकेएच वाढवण्यासाठी सुमारे ४ ग्रॅम सोडा लागेल. तो गोड्या पाण्यात विरघळवून प्रवाहाजवळ हळूहळू ओतावा आणि एका दिवसात १ डीकेएचपेक्षा अधिक वाढवू नये. बेकिंग पावडर हा वेगळा पदार्थ आहे, ती मुळीच वापरू नये.

पुढे टँकची भूक वाढली तर चुन्याची निवळी हा माझा आवडता मार्ग आहे, हे माझ्या नावावरून लक्षात आलेच असेल. उडालेल्या पाण्याच्या जागी ही निवळी थेंब थेंब सोडली की कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही प्रमाणात मिळतात. ती अतिशय अल्कधर्मी असते, तिचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून ती एकदम ओतणे म्हणजे टँक मारणे आहे. पानाच्या डबीतला चुना यासाठी घेऊ नये, कारण त्यात काय मिसळले आहे याची खात्री नसते. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड असे लिहिलेलाच घ्यावा.

खारे पाणी:

सर्वांचे मनापासून आभार. दगड उकळण्याचा बेत अर्थातच रद्द केला आणि हातमोजे व चष्मा मागवला. ‘संथ भरती’ यांचे उत्तर वाचून काही वेळ मला काही सुचले नाही, कारण शनिवारी सासूबाईही स्वयंपाकघरात असणार होत्या.

गुलाबी फुलाचे हात मुलाने आणि मी वेगवेगळे मोजले. दोघांचेही उत्तर बारा आले, तीन फुलांवर. म्हणजे ते अल्विओपोरा झाले. चटईला आठ हात आहेत आणि ते पिसासारखे आहेत. ताटलीच्या डागावर मांस आणि बारीक जीव दिसतात. खालच्या बाजूला अंडी नाहीत. दिव्याची तीव्रता निम्मी केली आहे. खाऱ्या पाण्याबाबत ‘निवळी’ यांचा अंदाज अचूक होता, गाळ काढल्यावर मी नेहमी गोडेच पाणी भरत आले.

दोन प्रश्न उरले आहेत. टॉर्च आजच हलवावे की आधी खारेपणा सावरू द्यावा? आणि आम्ही दोन वर्षांनी कायमचे पुण्याला परतणार आहोत, तेव्हा ही प्रवाळे किंवा निदान त्यांचे छोटे तुकडे बरोबर नेता येतील का?

आठ हात:

अल्विओपोराबद्दल अभिनंदन. त्याचा सांगाडा जाळीदार आणि ठिसूळ असतो, म्हणून ते उचलताना मांसाला बोट लागू देऊ नका. टॉर्चच्या बाबतीत माझे मत, खारेपणा आधी सावरू द्यावा. एका आठवड्यात प्रकाश, खारेपणा आणि जागा असे तीन बदल झाले तर पुढे काय बिघडले आणि कशाने, हे कुणालाच सांगता येणार नाही.

संथ भरती:

एरवी मी ‘आठ हात’ यांच्याशी सहमत झालो असतो, पण येथे नाही. हॅमर रोज रात्री डंख खात आहे आणि जखमी मांसावर तपकिरी बुळबुळीत रोग धरला तर संपूर्ण प्रवाळ दोन-तीन दिवसांत वितळून जाते. माझे एक असेच गेले आहे. टॉर्च आजच हलवा, पण खालीवर नको. त्याच उंचीवर, तशाच प्रवाहात, फक्त बाजूला सरकवा, म्हणजे त्याच्या दृष्टीने बदल लहानच राहील. फांद्यांवर तपकिरी जेलीसारखा थर दिसला तर पंप बंद करून तो नळीने ओढून टाकावा, ती फांदी निरोगी भागापासून तोडून वेगळी करावी आणि काढलेले पाणी परत टँकमध्ये घालू नये.

दांडी किनारा:

मी सिंधुदुर्गात राहतो आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो. नेता येणार नाहीत. सर्व दगडी प्रवाळे, काळी प्रवाळे, समुद्रपंखे, ऑर्गन पाइप आणि अग्निप्रवाळ यांना २००१ सालापासून भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत, स्थान आहे. किनाऱ्यावर सापडलेला मेलेला तुकडा शोकेसमध्ये ठेवणेही या कायद्यात बसत नाही. याखेरीज दगडी प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचे बंधन आहे, त्यामुळे देशाबाहेर नेण्यासाठी परवाना लागतो. हॅमर, टॉर्च, अल्विओपोरा आणि मॉन्टिपोरा ही चारही दगडी प्रवाळे आहेत. मऊ प्रवाळांबद्दलही कुणी ‘चालते’ असे सांगितले तर त्यावर विसंबून विमानात बसू नका. परतण्याच्या चार-सहा महिने आधी तेथल्याच एखाद्या हौशी मंडळात योग्य माणूस शोधावा, जसा तुमच्या यजमानांच्या सहकाऱ्यांनी तुम्हाला शोधला.

हे मी निरुत्साह करण्यासाठी लिहीत नाही. मालवणचा सागरी परिसर १९८७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर जिवंत प्रवाळे आहेत. ती तुमच्या टँकमधल्यासारखी झगमगीत नाहीत. पावसाळ्यातला गढूळपणा आणि गोड्या पाण्याचा मारा सोसणारी पोराइट्स, टर्बिनेरिया अशी दणकट प्रवाळे आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाणी निवळते तेव्हा तोंडाला नळी लावून पोहताना ती दिसतात. तुमच्या मुलाला हात मोजण्याची सवय लागली आहे, त्याला जरूर घेऊन या. फक्त त्याला हात न लावता आणि वर उभे न राहता पाहायला शिकवा, कारण आमच्याकडे बोटींचे नांगर आणि पर्यटकांचे पाय यांनी बरेच नुकसान केले आहे.

खारे पाणी:

तीन आठवड्यांनी कळवते आहे. टॉर्च त्याच रात्री एक वीत बाजूला सरकवले. खारेपणा १.०२६ वर स्थिर आहे, आणि बाटल्या न आणताच कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३०० व अल्कलिनिटी ७.२ भरली. नवा गाळक बसवला आहे. अळंबीने बाराव्या दिवशी कात टाकली आणि दुसऱ्या दिवशी ती पूर्ण फुलली. हॅमरच्या एका फांदीला पुन्हा नळ्या आल्या. दुसरी गेली, तिचा पांढरा सांगाडा उरला आहे. ताटलीचा डाग अजून फिकट आहे, पण कडेकडून तपकिरी छटा आत सरकते आहे. सहा बर्गिया आणल्या होत्या, त्या पहिल्या रात्रीनंतर दिसल्या नाहीत. एप्टेशिया मात्र मुलाच्या वहीनुसार एकवीसवर होती ती सोळावर आली आहेत.

काल रात्री आम्ही दोघांनी लाल प्रकाशात टॉर्चचे तंतू पट्टी काचेला लावून मोजले. सर्वांत लांब ११ सेंटिमीटर भरला, आणि हॅमर आता त्याच्यापासून १९ सेंटिमीटरवर आहे.